दगडीपाल्याची परीक्षा, आणि माझी

नऊ वर्षं घर आणि तीन वर्षं शाळेतली नोकरी करून मी ३७व्या वर्षी मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं मला ‘दीदी’ म्हणायची आणि पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, “मुलगा कुठल्या इयरला?” त्यातून सावरत दुसऱ्या वर्षाला आले तर समोर प्रोजेक्ट. एखादी औषधी वनस्पती घ्यायची, ती जंतूंना मारते का आणि माणसाला बाधते का ते तपासायचं. जून २०२४ला सुरू केलं, मे २०२५मध्ये व्हायवा झाली. मधल्या काळात कितीतरी रात्री मी मोबाइलवर शोधत होते की हे कुणी आपल्या भाषेत लिहिलंय का. सापडलं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे. चुकांसकट.

विषय माझ्या बोटांवरच होता. माझं माहेर वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातलं. उत्तरायणाला सकाळी सहाला गच्चीवर चढायचं ते अंधार पडल्यावरच उतरायचं, आणि बोटांना मांज्याचे काप पडायचेच. आजी परसातल्या भिंतीकडेचा दगडीपाला खुडायची, तळहातावर चुरडून हिरवा रस कापावर पिळायची. सणकून झोंबायचं. थोड्या वेळात रक्त थांबायचं आणि आम्ही परत वर. आजी आता ८६ वर्षांची आहे आणि अजूनही तिला बँडेडपेक्षा दगडीपाल्यावर जास्त भरवसा आहे.

गाइड मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आजी काय लावायची?”

“रस.”

“आणि तू काय तपासणार?”

“मिथेनॉलमधला अर्क.” सगळे तेच करतात असं मी वाचलं होतं.

“मग आजीचा रस कोण तपासणार?”

तिथेच ठरलं की दोन्ही करायचं. ताज्या पाल्याचा रस एकीकडे, वाळवलेल्या पाल्याचा अर्क दुसरीकडे. काम दुप्पट झालं म्हणून तेव्हा मी मनातल्या मनात खूप चरफडले होते.

खरं तर मला मिथेनॉलऐवजी इथेनॉल वापरायचं होतं. मिथेनॉल विषारी, त्यामुळे अर्कात त्याचा अंश उरला तर सुरक्षिततेच्या चाचण्याच बिघडतात. पण आपण गुजरातेत राहतो! दारूबंदीच्या कायद्यामुळे शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, कोटा ठरलेला असतो, आणि स्टोअरमधल्या बाटलीच्या मिलीलीटर-मिलीलीटरचा हिशोब रजिस्टरमध्ये असतो. दोन लिटर इथेनॉल मागितल्यावर स्टोअरकीपरने चष्म्यावरून असं काही पाहिलं की मी मुकाट्याने मिथेनॉलचा इंडेंट भरला. त्यालाही तीन कोटेशन लागतातच. मागणी टाकल्यापासून बाटली हातात पडेपर्यंत २६ दिवस गेले. गुजरातेत हे काम करणार असाल तर सॉल्व्हंटची मागणी पहिल्याच आठवड्यात टाका. पाला नंतर खुडता येतो.

पहिला पाला ११ ऑगस्टला, रविवारी खुडला. घरापासून जवळ, हरणी रोडच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवरून. दगडीपाला ओळखायला अवघड नाही. जमिनीलगत पसरलेलं झुडूप, समोरासमोर दातेरी, खरखरीत पानं, आणि वीतभर लांब दांड्यावर एकच फूल. मधे पिवळं, भोवती पाचेक पांढरट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. या लांब दांड्यामुळेच त्याला एकदांडीही म्हणतात. सावलीत वाळवायचा म्हणून आमच्या समा भागातल्या तळमजल्याच्या घरात, मागच्या खोलीत जुन्या साड्यांवर पसरला.

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. पुढचं वडोदऱ्याच्या लोकांना सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री काढल्या. लोक मगरींचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत होते आणि मी खिडकीतून आमच्याच अंगणातलं तपकिरी पाणी बघत बसले होते. पाणी उतरल्यावर मागच्या खोलीत साड्या, पाला आणि गाळ यांचा एकच थर मिळाला. चार किलो पाला गेला. त्या दिवसांत त्याचं दुःख करायची लाजही वाटत होती, लोकांचे संसार वाहून गेले होते. पण रात्री एकटी असताना रडले, हे खरं.

दुसऱ्यांदा पाला २२ सप्टेंबरला आणला, पादरा गावाच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावरून. या वेळी मॅडमनी बजावलं होतं की रस्त्याकडेचा नको, कारखान्याजवळचा नको, फवारणीच्या शेतातला नको. वनस्पती जमिनीतलं शिसं-कॅडमियम उचलतात आणि नंतर दोष पाल्याच्या माथी जातो. पुढे मी पावडरची जड धातूंसाठी तपासणी करून घेतली. आयुर्वेदिक फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची, मर्यादा शिशाला १० पीपीएम (दहा लाख भागांत १०), आर्सेनिकला ३, पाऱ्याला १ आणि कॅडमियमला ०.३ अशी आहे. माझा पाला चारही धातूंत पास झाला. चार आकड्यांच्या या कागदाला जीएसटी धरून ४,७२० रुपये पडले.

त्यानंतर ओळख पटवणं. ‘आजी याला दगडीपाला म्हणते’ हे प्रबंधात चालत नाही. मुळं, पानं, फुलं असलेली पूर्ण फांदी वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलत वाळवायची, ठरावीक मापाच्या जाड कागदावर चिकटवायची आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्यायची. सोबत कुठून, कधी, कुणी गोळा केली ते लेबल, गाइडचं पत्र आणि अर्ज. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या हर्बेरियमला जगभर ‘बारो’ या संकेताने ओळखतात हे मला तोवर माहीत नव्हतं, इतकी वर्षं त्याच रस्त्याने भाजी आणायला जाऊनसुद्धा. ओळख पटल्यावर नमुन्याला एक नंबर मिळतो. हा नंबर आधी मिळवा, मग पुढच्या कामाला लागा. आमच्या वर्गातल्या एकीने आधी सगळे प्रयोग उरकले आणि मग कळलं की तिची वनस्पती भलतीच होती.

नाव आलं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लिनियसने १७५३ साली दिलेलं. आणि मूळ स्थान? मध्य अमेरिका. मी ते दोनदा वाचलं. शेताच्या मालकांनी खुडताना म्हटलंच होतं, “आ तो परदेशी भांगरो.” तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. आजीला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मिरचीपण तिकडचीच ना? मग झालं तर.” गुजरातीत भांगरो म्हणजे माका, त्यामुळे या नावावरून दगडीपाल्याची माक्याशी गल्लत होते. दोन्ही एकाच कुळातले, पण झाडं वेगळी. जुन्या ग्रंथांतले माक्याचे गुण दगडीपाल्याला चिकटवणारे बरेच लेख मला सापडले, ते सगळे बाजूला काढावे लागले.

पाला वाळायला १२ दिवस लागले, तोवर नवरात्र आलं. नवरात्रात वडोदऱ्यात संध्याकाळी पाचनंतर लॅबमध्ये कुणी सापडत नाही, हे वेळापत्रकात धरा. गरबा संपेपर्यंत माझी फक्त पावडर दळून झाली. (घरच्या मिक्सरवर दळू नका. आमच्या चटणीला महिनाभर गवताचा वास येत होता.) मग सॉक्सलेट, म्हणजे गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण. ५० ग्रॅम पावडर, ४०० मिलीलीटर मिथेनॉल, आठ तास. दर वीसेक मिनिटांनी हिरवंगार द्रव आपोआप खाली रिकामं व्हायचं आणि पुन्हा भरायला लागायचं. ते बघत बसायला मला आवडायचं, कामातला तेवढाच शांत भाग. सॉल्व्हंट उडवल्यावर ५.२ ग्रॅम अर्क उरला, काळपट हिरवा आणि डांबरासारखा चिकट. पहिल्यांदा मी तो बटर पेपरवर काढून वजन केलं आणि निम्मा कागदालाच राहिला. रिकाम्या काचेच्या बाटलीचं वजन आधी करून ठेवायचं आणि अर्क थेट तिच्यातच वाळवायचा, ही साधी गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

ताज्या रसाची गंमत वेगळीच. पाल्यावर मुळातच जंतू असतात, म्हणून रस प्लेटवर टाकण्याआधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावा लागतो. दगडीपाल्याचा रस इतका बुळबुळीत की सिरिंज दाबून दाबून अंगठा दुखला आणि एकामागून एक सहा फिल्टर तुंबले. शेवटी आधी मलमलीतून, मग सेंट्रिफ्यूज करून, मग ०.४५च्या फिल्टरमधून आणि सगळ्यात शेवटी ०.२२मधून गाळला, तेव्हा दहा मिलीलीटर मिळाला.

जंतू चार घेतले होते. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास आणि कॅन्डिडा ही बुरशी. प्लेटवर जंतूंचा पातळ थर द्यायचा, त्यावर अर्कात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवायची आणि ३५ अंशांवर १६ ते १८ तास उबवायचं. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. पट्टीने मोजायचं. चकतीसकट मोजतात, त्यामुळे वर्तुळ नसेल तर आकडा ६ येतो. ६ म्हणजे शून्य. हे लक्षात ठेवा, कारण ‘६ मिमी क्रियाशीलता दिसली’ असं लिहिलेला एक प्रबंध आमच्या लायब्ररीत आहे.

१२ डिसेंबरला सकाळी मी प्लेट उघडली आणि स्टॅफिलोकॉकसवर माझ्या अर्काचं वर्तुळ १७ मिलिमीटर. मी फोटो काढला. माहेरच्या ग्रुपवर टाकला. मामाने पेटंटचं विचारलं, भावाने कंपनीचं नावसुद्धा सुचवलं. मॅडमनी प्लेट हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरली.

“कोरी चकती कुठाय?”

म्हणजे नुसत्या मिथेनॉलमध्ये भिजवलेली, अर्क नसलेली. मी ठेवलीच नव्हती.

“आणि हे जेंटामायसिन १६ मिलिमीटरच का?”

याचं उत्तरही माझ्याकडे नव्हतं. जेंटामायसिन हे तुलनेसाठी ठेवलेलं अँटिबायोटिक. त्याची १० मायक्रोग्रॅमची तयार चकती या ठरावीक जातीच्या स्टॅफिलोकॉकसवर, एटीसीसी २५९२३वर, १९ ते २७च्या दरम्यान यायलाच हवी. ती आली नाही तर त्या दिवशीची सगळी प्लेट बाद, तुमचा अर्क कितीही चमकला तरी. कारण शोधायला तीन दिवस गेले. मी आगर, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती जेली, अंदाजाने ओतत होते आणि थर जाड होत होता. जाड थरात औषध खालीही पसरतं, वर्तुळ लहान येतं. नेहमीच्या ९० मिलिमीटरच्या प्लेटला ४ मिलिमीटरचा थर हवा, म्हणजे साधारण २५ मिलीलीटर. तेव्हापासून मी मोजून ओतते.

प्रयोग पुन्हा केला. जेंटामायसिन २२, मनासारखं. आणि कोरी चकती? ११. माझ्या चकत्या नीट वाळल्याच नव्हत्या, जंतू मारत होतं ते मिथेनॉल! चकत्या ४० अंशांवर पूर्ण वाळवून तिसऱ्यांदा केलं तेव्हा कोरी ६, अर्क ९. ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मामाने दोन दिवसांनी विचारलं, “पेटंटचं काय झालं गं?”

शेवटी तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी तीन-तीन प्लेट करून हाती आलेलं चित्र असं होतं: मिथेनॉलचा अर्क स्टॅफिलोकॉकसवर ९ ते १०, बाकी तिघांवर ६. आजीचा रस चौघांवरही ६.

(इथे एक छोटी गोष्ट. नावं प्लेटच्या झाकणावर नाही, तळाला लिहा. झाकणं बदलतात. एका संध्याकाळी लॅबमधल्या काकांनी टेबल पुसताना माझी आठ झाकणं एकत्र केली आणि कुठला जंतू कुठे ते वासावरून ओळखायची वेळ आली. स्यूडोमोनास ओळखू आला, त्याला द्राक्षासारखा गोडसर वास येतो. बाकीच्या फेकल्या.)

मी खचले होते. मॅडमचं म्हणणं, वर्तुळाच्या आकारावरून फार काही ठरवू नकोस. अर्कातले तेलकट पदार्थ पाणीदार आगरात पसरतच नाहीत, त्यामुळे वर्तुळ लहान दिसतं. खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो त्याचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा-निम्मा करत जायचा, जंतू घालायचे आणि दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकायचा. जंतू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. हिरव्या अर्कात गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून हा रंग लागतो. पण काही अर्क स्वतःच तो रंग गुलाबी करतात, तेव्हा एक रांग जंतूंशिवायची ठेवावी लागते. डिसेंबरच्या कोऱ्या चकतीनंतर मी अशा रांगा विसरले नाही.

आला आकडा: मिलीलीटरला २.५ मिलिग्रॅम. जेंटामायसिनला त्याच प्लेटवर एका मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पुरलं. अर्काला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर त्याला जंतुनाशक म्हणून मिरवू नये असं या क्षेत्रातले जाणते म्हणतात. मी तसंच लिहिलं.

रविवारी आजीकडे गेले आणि तिला शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं की तुझ्या रसाने एकही जंतू मेला नाही. तिने सुपारी कातरता कातरता विचारलं, “त्या ताटलीला कुठं कापलं होतं गं?”

मला हसू आलं, पण रिक्षात बसल्यावर तेच डोक्यात राहिलं. ती पाला लावायची रक्त थांबावं म्हणून. जंतू मारण्याचा दावा तिने कधी केलाच नव्हता, तो मी तिच्या वतीने केला होता. प्रबंधाच्या चर्चेत एक परिच्छेद याच्यावर आहे, आणि मॅडमनी त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला.

सुरक्षिततेकडे मी आधी खानापूर्ती म्हणून बघत होते. प्रबंधात सगळ्यात कामाचं काही निघालं असेल तर ते इथेच.

पहिली तपासणी अगदी साधी, कच्च्या पावडरीत किती जंतू आहेत. ९ जानेवारीला आकडा आला. ग्रॅममागे ३८ लाख जंतू, आणि बुरशी सहा हजार. फार्माकोपियाची मर्यादा अनुक्रमे १ लाख आणि १ हजार. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू धरणारे दंडाकार जंतू रांगेने दिसत होते, म्हणजे मातीतले. दगडीपाला जमिनीवर लोळणारं झुडूप आहे, पानं केसाळ आहेत, माती अडकते. आणि धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणूही मातीतच असतात. तो मी शोधला नाही, त्याला हवा नसलेलं वातावरण लागतं आणि ती सोय आमच्याकडे नव्हती. पण न धुतलेला पाला तळहातावर चुरडून उघड्या जखमेत पिळण्याचं चित्र मला एकदम वेगळं दिसायला लागलं.

पाचच दिवसांनी उत्तरायण. दुपारी माझा नऊ वर्षांचा मुलगा तर्जनी धरून खाली आला. “आई, तुझा पाला लाव ना.” मागे सासूबाई उभ्या होत्या. मी त्याचं बोट नळाखाली धरलं, साबणाने धुतलं, स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबून ठेवलं आणि वर पट्टी लावली. “अगं, वर्षभर त्याच पाल्यात बसली आहेस आणि पोराला लावत नाहीस?” सासूबाईंनी विचारलं. “आई, वर्षभर बसले म्हणूनच,” मी म्हटलं. त्याचं पाच वर्षांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं होतं, तरी कार्ड काढून तारीख पाहिली.

पुढची पायरी रक्ताची. अर्काने तांबड्या पेशी फुटतात का ते बघायचं. माणसाचं रक्त घ्यायचं तर एथिक्स कमिटीकडे अर्ज, संमतीपत्राचा नमुना, आणि कमिटीची बैठक होईपर्यंत थांबणं. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मॅडमनी बोकडाच्या रक्ताचा मार्ग सुचवला. खाटिकाकडे नाहीतरी वाया जाणारं. फेब्रुवारीतल्या एका पहाटे सहाला मी रक्त गोठू न देणारं ॲल्सेव्हरचं द्रावण भरलेली निर्जंतुक बाटली घेऊन दुकानासमोर उभी होते, आयुष्यात पहिल्यांदा. त्या काकांनी काहीही न विचारता बाटली भरून दिली, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, “हलवून ठेव बेटा, नाहीतर गोठेल.” लॅब नऊला उघडणार होती. घरी आले तर सासूबाई फ्रीजसमोर हात पसरून उभ्या. शेवटी बाटली बर्फाच्या डब्यात, डबा स्कूटीच्या डिकीत, आणि मी स्कूटीशेजारी तीन तास.

पेशी सलाइनने तीनदा धुऊन दोन टक्क्यांचं द्रावण केलं, अर्क घालून ३७ अंशांवर तासभर ठेवलं आणि ५४० नॅनोमीटरवर रंग मोजला. अर्क स्वतःच हिरवा असल्याने नुसत्या अर्काचा आकडा वजा करावा लागतो. मिलीलीटरला १ मिलिग्रॅमला सहा टक्के पेशी फुटल्या, ५ मिलिग्रॅमला ३१ टक्के. आता हे एमआयसीशेजारी ठेवून बघा. जंतूची वाढ थांबवायला २.५ मिलिग्रॅम लागतात आणि त्याच्या दुपटीला एक तृतीयांश पेशी फुटतात. मधली जागा फारच अरुंद. मला हा तक्ता करताना कळलं की जंतूवरचा आणि माणसावरचा आकडा वेगवेगळ्या प्रकरणांत लिहायची पद्धतच चुकीची आहे. एका ओळीत लिहिले तरच ते बोलतात.

आर्टेमिया नावाच्या खारट पाण्यातल्या इवल्या कोळंबीवरही चाचणी केली. अंडी शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात, मीठपाण्यात दिव्याखाली दीड दिवसात पिल्लं निघतात. प्रत्येक बाटलीत दहा पिल्लं सोडून दुसऱ्या दिवशी किती जगली ते भिंगाने मोजायचं. स्वस्त, पटकन होणारी, आणि विषारीपणाचा ढोबळ अंदाज देणारी. मिलीलीटरला १,००० मायक्रोग्रॅमपर्यंत निम्म्याहून जास्त पिल्लं जगली, म्हणजे या चाचणीच्या हिशोबाने फारसं विषारी नाही. त्यावरून ‘माणसाला सुरक्षित’ असं मात्र लिहू नका. कोळंबीला त्वचा-यकृत आपल्यासारखं नसतं.

उंदरांवर काही केलं नाही. त्यासाठी संस्थेची प्राणी आचारसंहिता समिती, नोंदणीकृत प्राणीघर आणि फॉर्म बी लागतो, आणि मला इतक्या कमजोर अर्कासाठी उंदीर वापरणं पटलंही नाही.

पेशींवरची एमटीटी चाचणी, म्हणजे अर्काने किती पेशी जगतात ते रंगावरून मोजणारी, बाहेरच्या एका खासगी लॅबकडे दिली, उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या) पेशींवर. १४,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२०. सगळे आगाऊ. पंधरा दिवसांत म्हणाले होते, रिपोर्ट आला सात आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यावर. एक पान, त्यावर एक आकडा आणि एक आलेख. सॉल्व्हंट किती टक्के होतं? किती वेळा केलं? हिरव्या रंगाचं काय केलं? फोन केले, मेल केले. शेवटी मॅडमनी स्वतः बोलल्यावर मूळ आकड्यांची एक्सेल शीट आली आणि त्यात नुसत्या अर्काची रांगच नव्हती. मी तो निकाल प्रबंधात घातला, पण खाली स्पष्ट लिहिलं की यावर विसंबू नये. बाहेर नमुना देणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मेलवर लिहून घ्या: मूळ आकडे मिळतील, नियंत्रणं (कोऱ्या चकतीसारखे तुलनेचे नमुने) कुठली ठेवणार, आणि तारीख. फोनवरचं काही खरं नसतं.

एकंदर खर्च साडेतेहतीस हजारांच्या घरात गेला. निम्मा त्या एका पानाचा. वर्गातल्या तिघींनी मिळून आगर आणि खळग्यांच्या प्लेट घेतल्या म्हणून तेवढ्यात भागलं.

व्हायवा मे महिन्यात, बाहेरगावचे परीक्षक. त्यांनी पहिल्याच पानावरून विचारलं, “निकाल नकारार्थी आहे, मग लिहिलं कशाला?” मी आधीपासून पाठ केलेलं वाक्य विसरले आणि सरळ सांगितलं, “सर, माझ्या पहिल्या प्लेटवर १७ आलं होतं. कोरी चकती ठेवली नसती तर आज सकारार्थी असता.” ते हसले नाहीत. पान उलटून १७ची ती बाद प्लेट त्यांनी परिशिष्टात शोधून काढली, फोटो बराच वेळ पाहिला आणि मग बोकडाच्या रक्ताबद्दल विचारायला लागले.

दुसऱ्या दिवशी नो ड्यूजचा फॉर्म घेऊन फिरले. लायब्ररी, ऑफिस, स्टोअर. एक मोजपात्र माझ्या नावावर फुटलेलं निघालं, ६४० रुपये भरले. शेवटची सही लॅबची, आणि ती काका जंतू नष्ट केल्याशिवाय देत नाहीत. माझ्या चौघांच्या नळ्या, उरलेल्या प्लेट, सगळं पिशवीत घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, ठेवलं. १२१ अंश, १५ पौंड, आणि काकांनी नेहमीच्या पंधरा मिनिटांवर आणखी पंधरा वाढवली. झाकण उघडल्यावर तो उकडलेल्या आगरचा वास आला. सगळ्यांना नकोसा वाटतो, मी थोडी रेंगाळले. मग काकांनी सही केली आणि फॉर्मवर शिक्का मारण्याआधी त्यावर जोरात फुंकर घातली.